फॉस्फरसच्या नादी लागलेला माणूस

एमआरआयच्या फिल्मवर दिसतं ते जवळजवळ सगळं पाणी असतं, आणि थोडी चरबी. मणक्यातली गादी, गुडघ्यातला लिगामेंट, मेंदूच्या वळ्या, सगळं हायड्रोजनच्या अणुकेंद्रांनी दिलेल्या सिग्नलवरून रेखाटलेलं. शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन भरपूर, म्हणून सिग्नलही भरपूर. जे सहज दिसतं ते आपण बघतो. जे बघायला हवं ते तेच असतं असं नाही, आणि एमआरआय विभागात काम करणाऱ्याला हे अधूनमधून कुणीतरी तोंडावर ऐकवून जातं.

आमच्याकडे ते ऐकवतात नातेवाईक. तिशीतला मुलगा असतो, आईबरोबर आलेला. चालला की पोटऱ्या दगडासारख्या होतात, जिना चढला की मांड्या भरून येतात. स्कॅन होतो, स्नायू छान भरलेले दिसतात, सूज नाही, गाठ नाही, रिपोर्ट नॉर्मल. आई काउंटरवरून परत कन्सोल रूमच्या दाराशी येते. "मॅडम, सगळं नॉर्मल म्हणता, मग ह्याला दोन जिने का चढवत नाहीत?" प्रश्न बिनतोड असतो. मी म्हणते, "काकू, डॉक्टर सांगतील," आणि पुढच्या पेशंटला मंगळसूत्र काढून द्यायला लावते, ज्यावर आणखी दहा मिनिटं जातात. काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच, की आम्ही स्नायूचं घर बघितलं. घरात चूल पेटते का, हे बघितलंच नाही.

तेही बघता येतं, आणि याच जातीच्या चुंबकात बघता येतं. किंबहुना रसायन आधी आलं, चित्रं मागाहून. एमआरआय म्हटलं की लाउटरबर आणि मॅन्सफिल्ड ही 2003 च्या नोबेलची नावं घेतली जातात, आणि ती घ्यायलाच हवीत. पण त्याच काळात, त्याच भौतिकशास्त्राच्या जोरावर, जिवंत स्नायूतलं रसायन मोजायच्या मागे लागलेल्या माणसाचं नाव आमच्या धंद्यातल्या लोकांनाही पटकन आठवत नाही. जॉर्ज रॅडा. सप्टेंबर 2024 मध्ये, वयाच्या 88व्या वर्षी ते गेले.

रॅडा मूळचे हंगेरीचे. 1936 साली ग्योर शहरात जन्म. बुडापेस्टला रसायनशास्त्र शिकत असताना 1956 चा उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे आले, आणि देश सोडून गेलेल्या लाखो हंगेरियनांमध्ये हा वीस वर्षांचा विद्यार्थीही होता. तो पोचला ऑक्सफर्डला, मर्टन कॉलेजात. तिथेच पदवी, तिथेच डॉक्टरेट, मधे कॅलिफोर्नियाची एक चक्कर, आणि मग पुन्हा ऑक्सफर्ड. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी चमकणारे रेणू वापरून पेशींची पटलं आणि एन्झाइम अभ्यासण्यात घालवली. काम चांगलं होतं, त्यात नावही झालं असतं. पण त्या पद्धतीत पेशी आधी फोडायच्या, मग त्यातला हवा तो भाग वेगळा काढायचा. एन्झाइम काचेच्या नळीत कसं वागतं ते कळायचं. स्नायूत, रक्त वाहत असताना, काम चालू असताना ते कसं वागतं, ते कळायला मार्ग नव्हता.

तो मार्ग रसायनशास्त्रज्ञांच्या हातात होता. ऑक्सफर्डमध्येच रेक्स रिचर्ड्स एनएमआरची, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचा सिग्नल टिपणारी, यंत्रं उभारत होते. गावातच मार्टिन वूड यांची ऑक्सफर्ड इन्स्ट्रुमेंट्स होती. घराच्या बागेतल्या शेडमध्ये सुरू झालेली ही कंपनी अतिवाहक चुंबक बनवायची. इतके जोरदार आणि स्थिर चुंबक तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी मिळत. म्हणजे प्रश्न असलेला माणूस, यंत्र असलेला माणूस आणि चुंबक करणारा माणूस एकाच छोट्या गावात. विज्ञानाच्या इतिहासात बुद्धीचं कौतुक फार होतं. असल्या शेजाराचं होत नाही.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्राला विशिष्ट वारंवारतेची रेडिओलहर दिली की ते तिला प्रतिसाद देतं. कोणत्या वारंवारतेला, हे मुख्यतः चुंबकाच्या ताकदीवर ठरतं. पण किंचित फरक पडतो तो त्या अणूच्या शेजारीपाजारी कोण आहे यावरून. एकाच जातीची केंद्रकं रेणूत कुठे बसली आहेत त्याप्रमाणे आलेखावर थोड्या थोड्या अंतरावर वेगवेगळी शिखरं देतात. साध्या अल्कोहोलमधल्या हायड्रोजनची अशी तीन शिखरं 1951 साली स्टॅनफर्डहून प्रसिद्ध झाली. त्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथला एनएमआरचा गट त्यांनीच उभा केला. पाठ्यपुस्तकात तो आलेख छापतात, पण नाव बहुधा छापत नाहीत.

हायड्रोजनऐवजी फॉस्फरस घेतला की मामला फार रंगतो. निसर्गातला सगळा फॉस्फरस एकाच समस्थानिकाचा, फॉस्फरस-31, आणि तो एनएमआरला दिसतो. शिवाय पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार फॉस्फेटमध्ये चालतो. एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, रेणूत तीन फॉस्फेट गट, आणि तिघांची शिखरं वेगवेगळी. हे 1960 च्या सुमारास अमेरिकेत मिल्ड्रेड कोन या बाईंनी दाखवलं होतं. (त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. स्वतःची प्रयोगशाळा आणि हुद्दा मिळेपर्यंत त्यांची दोन दशकं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत गेली.) एटीपीशिवाय स्नायूतल्या राखीव ऊर्जेचं, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेटचं, एक उंच शिखर, आणि मोकळ्या, अकार्बनी फॉस्फेटचं एक बुटकं. हे शेवटचं मोठं उपयोगी, कारण पेशी आम्लधर्मी झाली की ते जागेवरून सरकतं. किती सरकलं ते मोजलं की पेशीच्या आतलं पीएच (आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की ते उतरतं) कळतं. सुई नको, काही नको. रिचर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत 1973 साली लाल रक्तपेशींवर हे करून बघितलं गेलं होतं.

अडचण एकच, पण भलीमोठी. स्नायूत एटीपीचं प्रमाण लिटरला आठ मिलिमोलच्या आसपास. पाण्यातला हायड्रोजन त्याच्या सुमारे दहा हजारपट. त्यात फॉस्फरसचं केंद्रक मुळातच हायड्रोजनपेक्षा कमी बोलकं. हायड्रोजनचा सिग्नल दारात उभा राहून हाका मारतो, फॉस्फरसला मात्र कान लावून बसावं लागतं.

1974 च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध आला. लेखक हौल्ट, बझबी, गॅडियन, रॅडा, रिचर्ड्स आणि सीली. त्यांनी केलं काय, तर नुकत्याच मारलेल्या उंदराच्या मागच्या पायाचा स्नायू काढला, तो न कुटता न वाटता अख्खाच्या अख्खा नळीत घातला आणि नळी चुंबकात सोडली. आलेखावर एटीपीची तीन शिखरं उभी राहिली, क्रिएटिन फॉस्फेट दिसलं, अकार्बनी फॉस्फेट दिसलं. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू हळूहळू साठा संपवत होता, आणि ते संपणं एकामागून एक घेतलेल्या आलेखांत उतरत होतं: क्रिएटिन फॉस्फेट खाली, मोकळं फॉस्फेट वर, आणि त्याचं शिखर आम्लाच्या बाजूला सरकत चाललेलं. तोवर जीवरसायन म्हणजे आधी सगळं मारा, गोठवा, दळा, मग शोधा. इथे ऊती जशीच्या तशी होती आणि तिच्यातले आकडे बदलताना दिसत होते. रॅडा पुढची तीस वर्षं या एका आलेखातून बाहेर आले नाहीत, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

शिकत असताना असा प्रयोग माझ्यावरच झाला. एका प्रयोगशाळेला स्वयंसेवक हवे होते, मला परीक्षेआधी खर्चाला पैसे हवे होते. स्कॅनरच्या टेबलावर पाय आधी अशी आडवी झाले. पोटरीखाली सिग्नल टिपणारी बशीएवढी एक गोल कॉइल, वर पट्टा, आणि पावलाशी लाकडी पेडल, त्याला रबराचे पट्टे ताणलेले. लोखंडाचा खिळासुद्धा नाही. सगळं लाकूड, प्लास्टिक, वेलक्रो. आधी नुसतं पडून राहायचं. मग माइकवरून आवाज, "दाबा, सोडा, दाबा, सोडा," एका लयीत. पहिल्या अर्ध्या मिनिटात मला वाटलं, यात काय विशेष. दुसऱ्या मिनिटाला पोटरीत ऊब आली, तिसऱ्याला जळजळ, आणि त्यानंतर मी माइकवरच्या माणसाला मनातल्या मनात घरचे शब्द वापरायला लागले. मग "थांबा", आणि पुन्हा निपचित पडणं.

बाहेर आल्यावर त्याने पडद्यावर ओळीने लावलेले आलेख दाखवले. क्रिएटिन फॉस्फेटचं मधलं उंच शिखर आलेखागणिक खचत निम्म्याच्या खाली गेलेलं. त्याच्या डावीकडे अकार्बनी फॉस्फेट वाढत वाढत उंच झालेलं, आणि वाढताना मधल्या शिखराच्या दिशेने सरकलेलं: सातच्या जवळ असलेलं पीएच साडेसहाकडे उतरल्याची खूण. माझी जळजळ तिथे काढून ठेवलेली होती. एटीपीची तीन शिखरं मात्र पहिल्या आलेखात होती तशीच शेवटच्या आलेखात. मी पार थकले होते आणि एटीपी जागचं हललेलं नव्हतं.

याचं कारण कळायला सोपं आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे तोवर खालचा नळ तसाच वाहतो. टाकी किती उतरली हे नळाकडे बघून कळत नाही. एटीपी म्हणजे नळ, क्रिएटिन फॉस्फेट म्हणजे टाकी. एटीपी खर्च होतं त्या क्षणी क्रिएटिन फॉस्फेट आपलं फॉस्फेट देऊन ते पुन्हा भरतं. टाकी भरायचं काम पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचं, म्हणजे मायटोकाँड्रियाचं, ऑक्सिजन वापरून. म्हणून व्यायाम थांबल्यावर क्रिएटिन फॉस्फेट किती झपाट्याने पूर्वपदाला येतं, यावरून मायटोकाँड्रियाची तब्येत कळते. धडधाकट माणसात निम्मी भर पडायला साधारण अर्धं मिनिट लागतं. (हल्ली जिममधली पोरं डब्यातली क्रिएटिन पावडर ढोसतात, तो याच साठ्यात भर घालायचा खटाटोप. ती दुधातून घ्यावी की पाण्यातून, हे मला विचारू नये.)

माणसाच्या अवयवावर हे करायला मोठ्या पोकळीचा चुंबक लागतो. ऑक्सफर्डला 1980 च्या सुमारास असा चुंबक आला, 20 सेंटीमीटर रुंदीच्या पोकळीचा. माणूस त्यात जात नाही, हात जातो. त्याच वर्षी रॅडांच्या गटाने एक साधी युक्ती छापली होती: कॉइल अवयवाभोवती गुंडाळायची नाही, ती सपाट ठेवायची आणि जिथलं मोजायचं तिथे त्वचेवर टेकवायची. माझ्या पोटरीखालची बशी याच कल्पनेची नात.

1981 साली या चुंबकात एका रुग्णाचा हात गेला. मॅकआर्डलच्या आजाराचा संशय होता. लंडनच्या डॉक्टर ब्रायन मॅकआर्डल यांनी 1951 मध्ये वर्णन केलेला हा आजार: स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठलेलं असतं, पण ते फोडणारं फॉस्फोरिलेज एन्झाइमच नसतं. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. अशा माणसाला थोड्याशा श्रमाने गोळे येतात, आणि वर्षानुवर्षं त्याला आळशी, नाहीतर नाटकी ठरवलं जातं. तपासणीची तेव्हाची रीत म्हणजे दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवायचा, मूठ आवळत राहायला लावायचं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं का बघायचं. किंवा स्नायूचा तुकडा काढायचा. ऑक्सफर्डला त्या रुग्णाने चुंबकात हात घालून व्यायाम केला. क्रिएटिन फॉस्फेट भराभर खाली आलं. पण अकार्बनी फॉस्फेटचं शिखर आम्लाकडे सरकलंच नाही. ग्लायकोजेन फुटत नाही म्हणून लॅक्टिक आम्ल तयार होत नाही, आणि क्रिएटिन फॉस्फेट मोडताना आम्ल उलट शोषलं जातं, त्यामुळे अशा रुग्णांत पीएच किंचित वरच जातं. तुमचीआमची पोटरी आंबते, त्याची आंबत नाही, आणि म्हणूनच तो थकतो.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा शास्त्रापेक्षा त्या रुग्णाचाच विचार डोक्यात राहिला. "मला होत नाही" असं तो इतकी वर्षं सांगत आला असेल, आणि आता ते कागदावर उमटलं. रॅडांच्या कामाचं मोठेपण मला इथे दिसतं. रुग्णाची तक्रार आणि रसायन यांच्यामध्ये चित्र नसलं तरी चालतं.

पुढचं वेगाने सांगते. 1980 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलचा (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी ब्रिटिश सरकारी संस्था) चुंबकीय अनुस्पंदनाचा, म्हणजे एनएमआरचा, विभाग, तोही वॉर्डाला लागून. रसायनशास्त्रज्ञाने इस्पितळात बिऱ्हाड करणं तेव्हा नवीन होतं. 1984 पासून ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचे प्राध्यापक. स्नायूकडून गाडी हृदयाकडे वळली, आणि तिथे काम दसपट अवघड झालं. हृदय हलतं, छातीत खोल असतं, आणि त्याच्या वर छातीचे स्नायू बसलेले, ज्यांचा क्रिएटिन फॉस्फेटचा सिग्नल मधे तोंड घालतो. तरी जमलं. श्टेफान नॉयबाउअर यांनी जर्मनीत व्यूर्त्सबुर्गला केलेल्या, 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाचे स्नायू फुगून सैल पडलेल्या 39 रुग्णांचा पाठपुरावा होता. क्रिएटिन फॉस्फेट आणि एटीपी यांचं गुणोत्तर 1.6 पेक्षा कमी असलेल्यांपैकी 40 टक्के दगावले; जास्त असलेल्यांपैकी 11 टक्के. हृदयाचा ठोका बघून जे कळत नव्हतं ते इंधनाच्या टाकीकडे बघून कळत होतं. नॉयबाउअर पुढे ऑक्सफर्डलाच आले.

पण या सगळ्या वाटचालीतली मला सर्वात भिडलेली गोष्ट रॅडांच्या प्रयोगशाळेतली नाही. ती लंडनची आहे, त्याच 20 सेंटीमीटरच्या जातीच्या चुंबकातली. त्या पोकळीत मोठा माणूस मावत नाही. नवजात बाळ मावतं. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मताना गुदमरलेली बाळं त्या चुंबकात ठेवून त्यांच्या मेंदूचा फॉस्फरस मोजला. अपेक्षा अशी, की जन्मल्या जन्मल्या आलेख बिघडलेला असेल आणि मग सुधारत जाईल. झालं उलटंच. पहिल्या दिवशी अनेक बाळांचा आलेख जवळजवळ व्यवस्थित. श्वास सुरळीत, रक्तात ऑक्सिजन पुरेसा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रिएटिन फॉस्फेट ढासळायला लागलेलं. ज्यांचं फार ढासळलं ती बाळं गेली, किंवा अपंगत्व घेऊन जगली.

याचा अर्थ घाव एकदम बसत नव्हता. पहिल्या धक्क्यानंतर मेंदू सावरायचा आणि मग काही तासांनी आतूनच खचायचा. मधे एक फट होती. फट आहे म्हणजे हात घालायला जागा आहे. त्या जागेत काय घालायचं यावर डुकराच्या पिल्लांपासून सुरुवात करून बरंच काम झालं आणि उत्तर निघालं थंडाव्याचं: जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळाचं तापमान 33-34 अंशांवर आणायचं, 72 तास तिथे ठेवायचं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 325 बाळांच्या ब्रिटिश चाचणीनंतर श्रीमंत देशांत ही रूढ पद्धत झाली. आज त्या वॉर्डात फॉस्फरसचं नावही कुणी काढत नाही. तापमानाची गादी असते, चार्ट असतो. फट दाखवून आलेख बाजूला झाला.

याला आपल्याकडची एक पुरवणी आहे, आणि ती गोड नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या इस्पितळांत याच उपचाराची चाचणी झाली, 408 बाळांवर; निष्कर्ष 2021 साली आले. मृत्यू किंवा अपंगत्व, दोन्ही मिळून पाहिलं तर थंडाव्याने फायदा नाही: 50 टक्के विरुद्ध 47. नुसते मृत्यू पाहिले तर थंड केलेल्या गटात जास्त, 42 टक्के विरुद्ध 31. म्हणजे लंडनच्या बाळांत सापडलेली फट आपल्या बाळांत त्याच वेळेला, त्याच रुंदीची असेलच असं नाही. कदाचित इथे घाव जन्माच्या बराच आधी सुरू होत असेल; आईचं पोषण, संसर्ग, लांबलेली कळ, यांतलं काहीही. हे मी अंदाजाने म्हणते. पण जन्मल्या जन्मल्या आपल्या बाळांच्या मेंदूतला फॉस्फरस मोजला तर त्यांचा दुसरा धक्का कधी येतो, किंवा येऊन गेलाय का, हे विचारता येईल. यंत्राचा उपयोग उपचार ठरवण्यापेक्षा असला प्रश्न विचारायला जास्त होतो, असं माझं मत होत चाललंय.

रॅडा 1996 ते 2003 मेडिकल रिसर्च कौन्सिलचे प्रमुख होते. 2000 साली सर झाले. या काळाबद्दल गौरवलेखांत दोन ओळी असतात, मीही चारच लिहीन. मोठमोठ्या दीर्घकालीन प्रकल्पांत पैसा अडकला, नव्या, चांगल्या प्रस्तावांनाही नकार द्यावे लागले, आणि 2003 मध्ये ब्रिटिश संसदेच्या विज्ञान समितीने कौन्सिलच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. आयुष्यभर बारीक सिग्नल धीराने साठवणारा माणूस मोठ्या तिजोरीवर बसला की तसाच यशस्वी होतो असं नाही. त्यानंतर, सत्तरीला टेकल्यावर, ते सिंगापूरला गेले आणि तिथल्या जैवप्रतिमांकनाच्या संस्थेच्या उभारणीत गुंतले. निवृत्तीत बागकाम करणाऱ्यांतले ते नव्हते.

फॉस्फरसची मूळ अडचण, सिग्नलचा अशक्तपणा, ते गेले तरी गेलेली नाही. दीड टेस्ला ताकदीच्या स्कॅनरमध्ये दहा लाख हायड्रोजन केंद्रकांमागे जेमतेम पाचांच्या फरकावर आमचं सगळं चित्र उभं असतं. बाकीची एकमेकांना खोडतात. इतर केंद्रकांची स्थिती त्याहून हलाखीची. 2003 साली स्वीडनमधल्या माल्मोच्या आर्डेनक्येर-लार्सन, गोलमन आणि मंडळींनी यावर आडवळणाचा तोडगा काढला. कार्बन-13 लावलेला रेणू उणे 272 अंशांच्या आसपास गोठवायचा, मायक्रोवेव्ह लहरी देऊन त्याची केंद्रकं एका दिशेला वळवायची, मग गरम द्रावणात झटकन विरघळवायचा. सिग्नल दहा हजारपटींहून जास्त वाढतो. फक्त तो टिकत नाही. पायरुव्हेटच्या (ग्लुकोज मोडताना तयार होणारा रेणू) बाबतीत मिनिटभरात बराचसा ओसरतो. म्हणून द्रावण तयार झालं की गाळणं, तपासणं, इंजेक्शन, स्कॅन, सगळं पळापळीत. शेजारच्या खोलीत औषधशाळेचा माणूस उभा, इथे नर्स शिरेत सुई लावून तयार, कन्सोलवरच्याचं बोट बटणावर. मी हे फक्त व्हिडिओत बघितलंय, आणि बघतानाही घड्याळाकडे लक्ष जातं.

शिरेतून गेलेला पायरुव्हेट पेशीत दोन वाटांनी जातो. लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) व्हायचं, किंवा मायटोकाँड्रियात शिरून जळायचं, ज्याची खूण बायकार्बोनेटच्या शिखरात दिसते. कर्करोगाच्या गाठी ऑक्सिजन असूनही लॅक्टेटच्या वाटेने जातात, हे ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात सांगितलेलं. सॅन फ्रान्सिस्कोला प्रोस्टेट कर्करोगाच्या 31 रुग्णांत ते प्रत्यक्ष बघितलं गेलं, निबंध 2013 चा. हृदयावर पहिल्यांदा टोरांटोला, 2016. आणि 2020 मध्ये ऑक्सफर्डहून, म्हणजे रॅडांच्याच गावातून, मोजक्या माणसांवरचा एक अभ्यास आला: माणूस ग्लुकोज प्यायला की निरोगी हृदय पायरुव्हेट जास्त जाळायला लागतं, टाइप 2 मधुमेह असलेल्यांच्या हृदयात ही वाट चोंदलेली दिसते. आपल्याकडे घरटी एक मधुमेही. इको नॉर्मल, अँजिओ बरी, आणि दम लागतो म्हणून सांगणारे काका प्रत्येकाच्या ओळखीत.

मागे आमच्याकडे नव्या स्कॅनरची खरेदी निघाली तेव्हा कोटेशन माझ्याही टेबलावर आलं. खालच्या बाजूला एक ओळ होती, मल्टिन्यूक्लियर पॅकेज: हायड्रोजनखेरीज इतर केंद्रकांसाठी वेगळा अॅम्प्लिफायर, फॉस्फरसची कॉइल, सॉफ्टवेअरचं लायसन्स. किंमत ऐच्छिक या सदरात. मीटिंगमध्ये अकाउंट्सच्या साहेबांनी पेन काढलं आणि विचारलं, "याचे महिन्याला किती पेशंट होतील?" मी म्हटलं, दोन, फार तर तीन, आणि त्यांचं बिल कुठल्या कोडखाली लावायचं तेही मला माहीत नाही. त्या पैशात चांगली ब्रेस्ट कॉइल येत होती, तिला महिन्याला साठ बायका होत्या. मॅकआर्डलसाठी आता जनुकाची चाचणी मिळते, रक्त पाठवलं की झालं. साहेबांनी ओळीवर रेघ मारली. मी त्यांच्या जागी असते तर मीही मारली असती. निघताना रेडिओलॉजीचा नवा मुलगा जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, पण फॉस्फरसमध्ये नक्की दिसतं काय?" ओपीडी सुरू व्हायला वेळ होता. कॅन्टीनमध्ये गेलो, आणि मी बिलाच्या मागे पाच शिखरं काढून दाखवली, उजवीकडून सुरुवात करून.